किडनी आठ टक्के, अपंगत्व शून्य



आधी वावराचं सांगतो. हरभरा ३२ दिवसांचा झाला. सप्टेंबरचं पाणी यंदा इतकं बसलं की आमच्या खारपाणपट्ट्यातल्या काळ्या जमिनीत पाय घालता येत नव्हता. वापसा येता येता नोव्हेंबर लागला. तरी उगवण बरी आहे. तूर फुलावरून शेंगेवर येऊन राहिली. कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे. खालची बोंडं सडली, त्यामुळे वेचणाऱ्या बाया किलोमागं जास्त मागतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. दिवसभर वेचून झोळीत काही भरलंच नाही तर त्या तरी काय करतील.

आता दुसरं. या पानावर रोजची नोंद वाचणाऱ्या काही जणांनी विचारलं की भाऊ, सोमवारी आणि गुरुवारी तुमचं काहीच का नसते? एका कृषी सहायक साहेबांनी तर गमतीनं लिहिलं, की आठवड्याला दोन सुट्ट्या घेणारा पहिलाच कास्तकार पाहिला. त्यांना माहीत नव्हतं. आतापर्यंत मी इथे लिहिलंही नव्हतं. वावराच्या पानावर दुखणं कशाला, असं वाटत होतं. पण या दोन वर्षांत सरकारी कागदांचा जो अनुभव आला तो लिहून ठेवला पाहिजे असं वाटू लागलं, कारण पूर्णेच्या काठच्या या पट्ट्यात माझ्यासारखे लय आहेत. तुमच्या गावात नसतील असं नाही.

सोमवारी आणि गुरुवारी मी डायलिसिसवर असतो. दोन्ही किडन्या गेल्या. मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, आठ टक्के काम शिल्लक आहे. क्रिएटिनिन तेव्हा ९.८ होतं, हिमोग्लोबिन सात. मी अडीच महिने समजत होतो की थकवा हा सोंगणीचा आहे. पायाला सूज आली तरी म्हणालो, उभं राहून राहून आली.

लोक लगेच म्हणतात, खारं पाणी प्यालं म्हणून झालं. पाण्याची भीती आमच्या भागात सगळ्यांनाच आहे, आणि बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही हेही खरं. पण माझ्या डॉक्टरांनी बोट ठेवलं ते बीपीवर. चार वर्षांपूर्वी बीपी निघाला होता. गोळी दिली होती. मी ती सहा महिने घेतली आणि बरं वाटतं म्हणून सोडली. वरून कंबर दुखली की मेडिकलवरून दुखीची गोळी, फवारणीच्या दिवसात तर रोज. कपाशीवर मावा दिसला की मी लेबल वाचून मात्रा ठरवतो, आणि स्वतःच्या पोटात काय टाकतो ते कधी वाचलं नाही. असो. चाळिशी पार केलेल्यांनी वर्षातून एकदा बीपी, साखर, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. माती परीक्षणापेक्षा जास्त खर्च येत नाही.

डायलिसिस म्हणजे काय ते कास्तकाराला मी असं सांगतो. आपल्या खारपाणातल्या जमिनीचं दुखणं पाणी नसण्याचं नाही, निचरा नसण्याचं आहे. चिकण इतकं की पाणी खाली झिरपत नाही, मग क्षार तिथेच बसतात आणि पीक पाणी असून सुकते. माझ्या अंगाचं तेच झालं. निचरा बंद. म्हणून आठवड्यातून दोनदा चार-चार तास रक्त बाहेर काढून मशीनमधून निचरून परत आत टाकतात. मधल्या दिवसांत दिवसाला एक लिटरच पाणी. त्यात चहा, वरण सगळं आलं. मेच्या उन्हात वावरात उभं राहून एक लिटर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तुरीचा कास्तकार असून वरण मोजून, केळं नाही, संत्र नाही. भाजी चिरून पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग शिजवायची. घरची म्हणते, भाजीची चव मोरीत जाते आणि चोथा ताटात येते.

डाव्या हाताला फिस्टुला केला आहे. म्हणजे रक्ताची धमनी आणि शीर आतून जोडतात, दीड-दोन महिन्यांनी ती शीर फुगून दोरखंडासारखी होते, तिच्यात दोन मोठ्या सुया टोचतात. रात्री हात उशाशी आला तर थ्री-फेजची मोटर चालू असल्यासारखी घरघर ऐकू येते. ती घरघर बंद पडली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, असं सांगून ठेवलं आहे. त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्यावर पट्टा आवळायचा नाही. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेणं तेव्हाच संपलं. डवरा धरणं संपलं. सोमवार-गुरुवार दवाखाना, मंगळवार-शुक्रवार अंगात जीव नाही, आणि बुधवार, शनिवार, रविवार मी धुऱ्यावर बसून पोराला सांगतो, की इकडून घे, तिकडून घे. ३५ वर्षं जे काम हातानं केलं ते आता तोंडानं करतो.

आता या माणसाला अपंग म्हणायचं की नाही? मला वाटलं होतं, यात विचारण्यासारखं काय आहे.

दवाखान्यातल्याच एकानं सांगितलं, दिव्यांगाचं कार्ड काढा, पेन्शन लागते. मी सेतूवर गेलो. पोट्टा हुशार, चेहऱ्यानं ओळखीचा. त्यानं संगणकावर फॉर्म उघडला, नाव, आधार, सगळं भरलं, आणि एका रकान्यावर येऊन थांबला. तिथे यादी उघडते, त्यातून अपंगत्वाचा प्रकार निवडायचा असतो. तो वर-खाली करत राहिला. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, कुष्ठरोगमुक्त, चालण्या-हालचालीचं, गतिमंद, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन. एकवीस प्रकार आहेत. किडनी नाही.

"काका," तो म्हणे, "यातलं कोणतं लावू?"

मी म्हटलं, "माझं जे आहे ते लाव ना बाप्पा."

"ते नाईच याच्यात." मग माझ्या हाताकडे पाहून म्हणे, "हाताचं लावू का? हात असा फुगेल आहे, वजन उचलत नाई म्हणता. हालचालीचं लावून देतो."

खरं सांगतो, मी "लाव" म्हणालो. मला तेव्हा ते खोटं वाटलंच नाही. हात कामातून गेला होता हे तर खरंच होतं.

तपासणीचा दिवस आला. जिल्ह्याच्या ठिकाणी, सकाळपासून रांग. माझ्या पुढे एक पोलिओवालं पोरगं, मागे एक म्हातारी डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून. हाडांच्या डॉक्टरांनी मला मूठ वळायला लावली. वळली. त्यांचं बोट दाबायला लावलं. दाबलं. कोपरातून वाकवा, वर करा, मागे न्या. सगळं झालं. ३५ वर्षं तिफण धरलेला हात आहे, तो मूठ कशी वळणार नाही? डॉक्टर म्हणाले, "भाऊ, हात चांगला आहे तुमचा."

मी फाईल पुढे केली. म्हटलं, साहेब, किडनी आठ टक्के आहे. तुमच्या कार्डाला ४० टक्के लागते म्हणतात. माझं तर ९२ टक्के गेलं.

माणूस चांगला होता. हसला नाही. फाईल पूर्ण पाहिली, पानं उलटून. मग म्हणाला, "तुमचं मला पटतं. पण हे ४० टक्के कायद्यात जे प्रकार लिहिले आहेत त्यांचेच मोजायचे असतात. किडनी त्या यादीत नाही. मी शून्यच लिहू शकतो."

किडनी आठ टक्के, अपंगत्व शून्य. परतीच्या गाडीत मी हेच मनात घोळवत होतो.

नंतर मी हे नीट समजून घेतलं, दहावीपर्यंतच शिकलो असलो तरी कागद वाचायची सवय आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या नवीन कायद्यानं ते २१ केले. आणि त्या २१ मध्ये फक्त हातापायाचे नाहीत. सिकलसेल आहे, हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे. म्हणजे बाहेरून धड दिसणारा माणूसही आतल्या दुखण्यानं अपंग होऊ शकतो, हे कायद्यानं मान्य केलेलं आहे. आमच्या विदर्भात सिकलसेलचे लोक किती, आणि त्यांना हे मिळालं ते योग्यच झालं. कायद्यात असंही लिहिलं आहे की केंद्र सरकार अधिसूचना काढून यादीत आणखी प्रकार घालू शकते. म्हणजे दार आहे. उघडलं नाही एवढंच.

मग राहिली संजय गांधी निराधार योजना. या योजनेत दिव्यांग आहेत, विधवा आहेत, आणि दुर्धर आजारवालेही आहेत. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग "यासारख्या" आजारामुळे ज्याला स्वतःचं पोट भरता येत नाही तो. किडनीचं नाव नाही, पण त्या "यासारख्या" शब्दात आम्ही बसतो. वय ६५ च्या आत पाहिजे, १५ वर्षांचा राज्यातला रहिवास पाहिजे, सरकारी दवाखान्याचा दाखला पाहिजे. हे सगळं माझ्याकडे होतं. दाखला तर माझ्या दवाखान्यानं एका दिवसात दिला, त्यात "कायमस्वरूपी डायलिसिसवर अवलंबून" असं स्वच्छ लिहिलं.

अडलं उत्पन्नावर. आणि इथे जे आहे ते शांतपणे वाचा, कारण मला ते समजायला तीन चकरा लागल्या.

आजारी माणसासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. दिव्यांगासाठी तीच मर्यादा ५०,०००. पैसे दोघांनाही महिन्याला दीड हजार होते, पण ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे अडीच हजार झाले. आजारवाल्यांचे दीडच राहिले.

माझं उत्पन्न किती? मी २२ वर्षांपासून वही ठेवतो, या पानावरच्या नोंदी त्याच वहीतून येतात. गेल्या हंगामात तीन एकर कपाशी, साडेतेरा क्विंटल, सात हजारांनी गेली, ९४,५००. सोयाबीन दोन एकरांत दहा क्विंटल, चार हजारांनी, ४०,०००. तूर मधल्या तासात, दोन क्विंटल, १४,०००. झाले १,४८,५००. खर्च बियाणं, खत, फवारा, डवरणी, वेचणी, काढणी, भाडं मिळून १,००,२००. मी आजारी असल्यामुळे फवारा आणि डवरणी दोन्ही मजुरीनं करावी लागली, नाहीतर खर्च कमी आला असता. शिल्लक ४८,३००. तलाठ्यानं दाखला दिला ४८,००० चा. तीनशे रुपये त्यानं आपल्या मनानं सोडले, पण दाखला खरा आहे.

आता पाहा. ४८,००० म्हणजे दिव्यांग असतो तर बसलो असतो, आणि वर्षाला ३०,००० मिळाले असते. आजारी आहे म्हणून बसत नाही, आणि काहीच मिळत नाही. माणूस तोच, हात तोच, वावर तेच, वही तीच.

अर्ज परत आला. शेरा होता, "उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त."

त्या टेबलावरच्या माणसाचाही मला राग नाही. त्यानं बाजूला घेऊन उपायही सांगितला. म्हणे, "तुम्ही दादा, रेशनकार्ड वेगळं करा. वावर पोराच्या नावानं वाटणीपत्र करून द्या, स्टॅम्पवर होते. मंग तुम्ही कागदावर भूमिहीन, उत्पन्न वीस हजारांच्या आत. लोक करतातच."

लोक करतात हे खरं आहे. आमच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर असतो त्यानं केलं आहे. त्याला दीड हजार लागले.

मी स्टॅम्प विकत घेतला. खोटं कशाला बोलू. त्या रात्री आम्ही तिघं, चौथी सून, असे वही घेऊन बसलो.

पोरगा म्हणे, "बाबा, करून टाका. वावर तं मीच वाहतो आता. तुमचं नाव काय अन् माझं काय."

त्याची माय म्हणे, "कागदावर वेगळे व्हा, चूल तं एकच राहीन ना?"

सून काही बोलली नाही. नंतर उठताना एवढंच म्हणाली, "लोक म्हणतील, सून आली अन् सासऱ्याले निराधार केलं." ते मला रात्रभर लागलं.

पण सोडून दिलं ते त्यामुळे नाही. हिशेबामुळे. माझ्या नावावर पीएम किसानचे वर्षाला सहा हजार येतात आणि राज्याच्या नमो शेतकरीचे सहा. वावर पोराच्या नावावर केलं की माझे बंद. आणि पोराला लागायचे नाहीत, कारण १ फेब्रुवारी २०१९ नंतर ज्याच्या नावावर जमीन आली त्याला त्यात घेत नाहीत. फक्त बाप मेल्यावर वारसानं आली तर घेतात. म्हणजे मी जिवंतपणी दिलं तर बारा हजार बुडतात, मेल्यावर दिलं तर बुडत नाहीत. इकडे मिळणार अठरा हजार, तिकडे जाणार बारा. हाती सहा हजार, महिन्याचे पाचशे. त्यासाठी सोसायटीचं चालू पीककर्ज आधी पूर्ण भरायचं, मग पोराच्या नावानं नवीन प्रकरण, आणि मधल्या काळात जून आला तर बियाणं उधारीनं. वरून दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला तहसीलमध्ये जाऊन "मी निराधार आहे" म्हणायचं, आणि मागे पोरगा गाडी घेऊन उभा.

माझ्या शेजारच्या खाटेवाल्यानं हा हिशेब केला नव्हता. दीड हजार लागले त्या आनंदात होता. किसानचा हप्ता बंद झाला तेव्हा त्याला वाटलं, बँकेची चूक आहे.

स्टॅम्प पेटीत पडून आहे.

अजून एक गोष्ट मनात येते ती लिहून टाकतो. आपल्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं शेतकरी अपघात योजना आहे. मळणीयंत्रात हात गेला तर एक लाख, दोन हात गेले तर दोन लाख. चांगली योजना आहे, आमच्या गावात साप चावून गेलेल्या एकाच्या घरी तिचा आधार झाला. पण किडनी काही मळणीयंत्रात जात नाही. ती हळूहळू जाते, आणि हळूहळू गेलेल्याचा पंचनामा होत नाही. दुष्काळाचं आणि गारपिटीचंही असंच आहे. गारपीट झाली की साहेब दुसऱ्या दिवशी बांधावर येतात, पाऊस पंधरा दिवस उशिरा आला तर कोणी येत नाही.

मिळतं काय, तेही सांगतो. नाहीतर वाचणारा म्हणेल, काहीच नाही, आणि घरी बसून राहील. तसं करू नका.

डायलिसिसला मला पैसे लागत नाहीत. २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आहे, त्यात सरकारी दवाखान्यांत मशीनी आल्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते, खाजगी पण योजनेतल्या दवाखान्यात. आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डवाल्या कास्तकारांनाही त्यात आधीपासून घेतलं आहे, आता तर सगळ्याच रेशनकार्डांना घेतात आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख आहे. दवाखान्यात गेल्या गेल्या आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. रेशनकार्ड आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आजच दुरुस्त करा, अंगात ताप असताना करायची ती गोष्ट नाही.

एसटीत डायलिसिसवाल्याला साध्या गाडीत भाडं नाही. ही सवलत आगारातल्या लोकांनाही कधी कधी माहीत नसते, कंडक्टरशी माझी दोनदा वाजली. दवाखान्याचा दाखला लॅमिनेशन करून खिशात ठेवतो. रेल्वेत डायलिसिससाठी जाणाऱ्याला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सूट आहे, सोबतच्या माणसालाही. नागपूर-मुंबईला किडनी बदलायच्या तपासण्यांना जावं लागते तेव्हा ती कामी येते. बऱ्याच जिल्हा परिषदा सेस फंडातून कॅन्सर, हृदय आणि किडनीच्या रुग्णाला एकरकमी १५,००० देतात. आमच्याकडे मिळाले. अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्रातून जातो, ग्रामसेवकाला बहुतेक माहीत नसते.

ही सगळी मदत दुखण्याला आहे. दुखण्यामुळे जी मजुरी बुडते, पंप पाठीवर घ्यायला जो माणूस लावावा लागतो, सोबत येणाऱ्या पोराचा जो दिवस जातो, त्याला काही नाही. रक्तवाढीचं इंजेक्शन दवाखान्यात संपलेलं असलं की बाहेरून आणायचं, तपासण्या, बीपीच्या गोळ्या, महिन्याला माझे अडीच हजार सहज जातात. बरोबर तेवढेच, जेवढे दिव्यांगाला मिळतात.

घरची किडनी द्यायला तयार होती. रक्तगटही जुळला. पण तपासणीत तिलाच बीपी निघाला. आता रोज रात्री आम्ही दोघं एकमेकांसमोर गोळी घेतो. पोरगा म्हणाला, मी देतो. मी त्याला म्हटलं, आधी तुले दोन पोरं मोठी करायची आहेत, मंग पाहू. यावर घरात अजून बोलणं संपलं नाही, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही हॉलमधल्या अकरा जणांनी मिळून एक निवेदन केलं. किडनीचा कायमचा आजार २०१६ च्या कायद्याच्या यादीत घ्यावा, आणि तोपर्यंत राज्यानं डायलिसिसवाल्यांना निराधार योजनेत ५०,००० ची मर्यादा लावावी. मजकूर मीच लिहिला, आठ टक्क्यांचं वाक्य घातलं होतं, एका नर्सबाईनं ते काढायला लावलं, म्हणे सरकारी कागदात असं लिहीत नाहीत. सह्या करताना मजा झाली. सगळ्यांचा एक हात मशीनला. ज्याचा उजव्या हाताला फिस्टुला होता त्यानं डाव्या हाताचा अंगठा दिला, म्हणे, "आज खरंच अपंग दिसून राहिलो." निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात दिलं, पोचेचा शिक्का घेतला. अकरापैकी दहा जण आता आहेत.

पुढचं काही कळलं की लिहीन. तुमच्यापैकी कोणाला ५०,००० च्या आत असूनही किडनीसाठी निराधारचे पैसे लागले असतील तर कोणत्या कागदावर लागले ते सांगा, मला आणि हॉलमधल्यांना उपयोग होईल.

उद्या गुरुवार. सकाळी साडेपाचची गाडी. हरभऱ्यात घाटेअळीचे कामगंध सापळे आणून ठेवले आहेत, एकरी दोन प्रमाणे. ते पोरगा लावीन, उंची पिकाच्या वर हातभर ठेवायला सांगितलं आहे. परवा उठवलं तर पाहून येतो आणि किती पतंग पडले ते इथे लिहितो.